भिंगरीचा रकाना

३ फेब्रुवारी

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. पाच वर्षांनी तुला लिहितेय ते मायेचा उमाळा आला म्हणून नाही. मला तुझी शिसारी आलीय आणि ती कुणाला तरी सांगायला हवी. आणि मनातलं सांगावं असं माणूस म्हटलं की आजही तूच आठवतोस, हे त्याहून वाईट.

काल मी कोर्टात मागच्या बाकावर होते. तुझं लक्ष नव्हतं. तू सरकारी वकील म्हणून उभा राहिलास, कोटाच्या बाह्या ओढल्यास आणि म्हणालास, "एकाही कर्मचाऱ्याचं केसाइतकंही नुकसान झालेलं नाही." माझ्या शेजारी आमच्या प्रयोगशाळेचा ड्रायव्हर बसला होता. तो म्हणाला, वकील गोड बोलतो हो. मी म्हटलं, लहानपणापासून. त्याला काही कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

त्या ड्रायव्हरचंच ऐक. सरकारनं आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती एका खासगी कंपनीला देऊन टाकली. कशाला, तर कोण किती काम करतं ते मोजायला. ड्रायव्हरला मूळव्याध आहे हे त्याच्या बायकोला आणि आमच्या ऑफिसच्या डॉक्टरला, एवढ्या दोघांनाच माहीत होतं. आता त्याला दिवसातून चार वेळा मलमवाल्यांचे फोन येतात. गाडीत तो फोन स्पीकरवर ठेवतो, सवय आहे त्याची, आणि मागे आम्ही चारजण पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसलेलो. पहिल्यांदा सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी तो जेवायला आमच्यात आला नाही, गाडीतच बसला.

मी पाणी हुंगते, दादा. तुला ठाऊक आहे, पण तुझ्या पक्षकाराला ठाऊक नसावं. गावाला सोडायच्या पाण्याला वास येतोय का, कसला येतोय, एवढं सांगायचं काम. ते मी नीट करते की नाही हे मोजायला माझ्या पोटात कुठली गाठ होती आणि माझ्या घरात कोण कोण आहे, हे कशाला लागतं? आम्हाला कुणी विचारलं? आमच्या संघटनेनं साहेबांना विचारलं तर त्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, माहिती कुलपात आहे. कुलपात असेल, किल्ली कंपनीकडे आहे.

मलाही फोन येतात. कुणासाठी येतात ते आज लिहीत नाही. लिहिलं तर हा कागद फाडावा लागेल.

नकटी

(हे सवयीनं लिहिलं गेलं. तू ठेवलेलं नाव आहे, त्याला मी काय करू.)


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पत्रपेटी दोनदा बघते. लाज नाही मला.

आता ऐक. तो पहिला फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. हुंगायच्या पाण्याच्या बाटल्या कोमट करायला ठेवल्या होत्या. पलीकडून एक मुलगी, आवाज अगदी साखरेत घोळलेला, म्हणाली, "कुमारी भिंगरी आहेत का?"

मी हातातली बाटली खाली ठेवली.

ती म्हणाली, अठरावं वर्ष पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन, अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी चेहऱ्याचे डाग घालवायची आमची खास योजना आहे, त्यांच्याशी बोलता येईल का? आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, ती घरी नाही. घरी नाही, दादा! जशी काही शिकवणीला गेलीय. ती म्हणाली, बरं, संध्याकाळी करते. आणि संध्याकाळी तिनं केलाही, कामाला पक्की दिसते.

मग रांगच लागली. वजन कमी करणारे, गाडी शिकवणारे, परदेशी कॉलेजवाले. एकानं विचारलं, मुलगी दिसायला कशी आहे, मॉडेलिंगला घेऊ शकतो. मी मोरीत जाऊन ओकले. तेराव्या वर्षी गेलेल्या माझ्या पोरीच्या अंगाची, कातडीची, वजनाची चौकशी हे लोक रोज मला करतात. आणि खरी किळस कशाची आली सांगू? तिसऱ्या की चौथ्या फोनला मला बरं वाटलं. घरात पुन्हा कुणीतरी भिंगरी म्हणत होतं. मी त्या माणसाला मुद्दाम बोलत ठेवलं. इतकं खाली आणलं मला ह्यांनी.

आता तू म्हणशील, वय कुठूनही कळतं. कळत असेल. पण भिंगरी? शाळेत आणि दवाखान्यात तिचं नाव वेगळंच होतं. भिंगरी म्हणायचो मी, तू आणि वहिनी. तिचा बाप ती रांगायच्या आधीच चालता झाला, त्याला हे नावसुद्धा माहीत नाही. मग ह्यांना कुणी सांगितलं?

दोन दिवस मी डोकं खाजवत होते. मग आठवलं. ती आठ दिवसांची होती, मी तापानं फणफणलेली, आणि ऑफिसचा माणूस कुटुंबाचा फॉर्म घेऊन आला होता. नाव ठरलं नव्हतं. तो म्हणाला, रकाना रिकामा चालत नाही. तू त्याच्या हातून पेन घेतलंस, "भिंगरी" असं ठसठशीत लिहिलंस आणि म्हणालास, राहू दे, नंतर बदलू. नंतर कोण बदलतंय! तू गेलास, मीही विसरले. तेव्हा सगळ्या जगात ते नाव कागदावर फक्त एका ठिकाणी आहे, माझ्या ऑफिसच्या फाइलीत. तिथून कंपनीकडे, कंपनीकडून मलमवाल्यांकडे.

ती गेली तेव्हा मी ऑफिसला कळवलं नाही. माझ्यानं झालं नाही. मला का नाही सांगितलंस म्हणशील, तर तुला मी दारातच उभं करत नव्हते. त्याचं कारण तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मी गोळ्यांच्या गुंगीत पडले होते आणि तू तिची खोली आवरलीस. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. कपडे देऊन टाकलेस, उशीचे अभ्रे धुतलेस, आणि फिनेलनं फरशी पुसून घेतलीस. मी उठले आणि तिच्या खोलीत गेले. मी नाकावर पोट भरते, दादा. मला त्या खोलीत फिनेल आलं. दुसरं काही नाही. गादीत तोंड घालून बघितलं, कपाटाच्या कोपऱ्यात बघितलं. तू चांगल्या मनानं केलंस हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर भांडता आलं नाही. नुसतं दार लावलं.

आमच्या वकीलबाई म्हणतात, सरकार म्हणतंय नुकसान झालं नाही, तर झालं असं शपथेवर सांगणारं कुणीतरी हवं. ड्रायव्हर तयार नाही. मूळव्याध भर कोर्टात कोण सांगणार? म्हणून मी सांगणार आहे. घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून भांडायचं, आणि भांडायला आधी तीच गोष्ट चव्हाट्यावर मांडायची. असला कायदा कुणाच्या डोक्यातून निघतो? तुमच्याच असल्या कुणाच्या तरी.

नकटी


१२ मार्च

दादा,

तुम्ही कोर्टात दिलेलं उत्तर वकीलबाईंनी मला वाचायला दिलं. मी दोनदा हात धुतले.

"अर्जदाराने हयात नसलेली व्यक्ती अवलंबित म्हणून दाखवून शासनाची दिशाभूल केली आहे. सदर नाव अन्य कोणत्याही मार्गाने उपलब्ध होऊ शकते." खाली तुझी सही. तीच झोकदार, शेपटीवाली.

हयात नसलेली व्यक्ती. अरे, त्या व्यक्तीला सायकल शिकवताना तू गटारात पडलास आणि तुझा पुढचा दात गेला. तो बसवलेला दात घेऊनच तू कोर्टात बोलतोस ना? त्या व्यक्तीनं तुझ्या कोटाच्या खिशात बेडकाचं पिल्लू ठेवलं होतं आणि तू ते न्यायाधीशांसमोर बाहेर काढलंस. "अन्य कोणत्याही मार्गाने"? कुठल्या मार्गाने? बेडकानं सांगितलं असेल.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आमच्या घरात डोकावले ते हे, आणि दिशाभूल केली ती मी. त्यावर ऑफिसनं आता मला चौकशीची नोटीस दिलीय. खोटी माहिती दिली म्हणून नोकरीवरून का काढू नये, ते सांगा. सव्वीस वर्षं मी ह्या गावाचं पाणी हुंगलं. एकदा रात्रीतून कारखान्याचं काहीतरी नदीत सुटलं होतं, यंत्रं गप्प होती, मी म्हटलं सोडू नका हे पाणी. आठवतं तुला? तू तेव्हा सगळ्यांना सांगत फिरलास, माझ्या नकटीचं नाक बघा. आता त्याच नकटीला तू खोटारडी म्हणतोयस.

वकीलबाईंनी विचारलं, फाइलीत ते नाव कुणाच्या अक्षरात आहे? तुमचं तर दिसत नाही. मी म्हटलं, आठवत नाही. नाव घेतलं असतं तर काम सोपं झालं असतं हे मलाही कळतं.

पण आमच्याकडे एक नियम आहे. एकाच पाण्याला तिघं हुंगतात. त्या दिवशी कुणी सेंट लावायचा नाही, साबण साधा वापरायचा, आणि तिघांचं होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. कारण पहिला म्हणाला "मातीचा वास येतोय" की बाकीच्या दोघांना मातीचाच येतो. खरा वास मग कुणालाच कळत नाही. कोर्टात मी तुझं नाव घेणार नाही. फाइल तुझ्या हातात येईल. तुझं तू हुंग.

नोकरी गेली तरी चालेल असं मी म्हणणार नाही, चालणार नाही. दुसरं मला काही येत नाही.

न.


१५ मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला होता. बिचारी मोरीत जाऊन बोलत होती, मागे नळ सोडलेला. म्हणाली, तुमचं पहिलं पत्र त्यांनी वाचलं, दोन दिवस जेवले नाहीत धड. दुसरं आलं त्याच दिवशी तुमच्या वकिलांची नोटीस आली, की अर्जदार तुम्ही. तेव्हापासून पत्रांना हात लावत नाहीत. कपाटात ठेवलीत, बंदच्या बंद. म्हणतात, समोरच्या पक्षकाराचं पत्र उघडता येत नाही, नियम आहे.

मी इतकी हसले की शेजारीण दारात आली. तुझं सरकार लाखभर माणसांची कपाटं उघडतं, आणि सरकारचा वकील सख्ख्या बहिणीचं पाकीट उघडत नाही! उंटावरचा शहाणा तो हाच.

म्हणजे फिनेलचं तू वाचलेलंच नाहीस. फॉर्मचंही नाही. हे पत्रही तू वाचणार नाहीस. बरंच आहे, आता मला काहीही लिहिता येईल. तू चांगला होतास, दादा. मला अजून समजत नाही की तुझं काय झालं.


८ एप्रिल

दादा,

काल जे झालं ते तुझ्यासमोर झालं, तरी लिहिते. कारण तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, आणि मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होते.

साक्षीच्या पिंजऱ्यात लाकडाला पॉलिशचा वास होता, आणि न्यायाधीशांना सर्दी. तू पुढे आलास. मला "अर्जदारबाई" म्हणालास. बाई! तू विचारलंस, मुलगी हयात नाही हे तुम्ही कार्यालयाला कळवलंत का? मी म्हटलं, नाही. का नाही? मी म्हटलं, जमलं नाही. तू म्हणालास, म्हणजे लपवलंत. मागे ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला, त्याला गप्प करावं लागलं.

मग तू माझी मूळ फाइल मागून घेतलीस. तोपर्यंत तू टाइप केलेली नक्कलच बघितली होतीस, हे मला तुझ्या हाताकडे बघून कळलं. पान उलटताना हात सरळ होता. तू पान माझ्यासमोर धरलंस आणि विचारलंस, "हे नाव तुम्ही लिहिलंत?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कुणी लिहिलं?"

मी खाली बघितलं. वकीलबाई खाकरल्या, मी मान वर केली नाही. न्यायाधीश म्हणाले, बाई, उत्तर द्या. मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, पान वकीलसाहेबांच्या हातात आहे.

तेव्हा तू पहिल्यांदा ते पान स्वतःकडे वळवलंस. वाचायला एवढा वेळ कशाला लागतो? चार अक्षरंही नाहीत. न्यायाधीश शिंकले, त्यांनी रुमाल काढला, परत ठेवला, तरी तू तिथेच. तुझी शाई, तुझा ठसठशीतपणा, वर काढलेली ती वेलांटीची शेपटी. मला वाटलं, आता हा फाइल मिटेल आणि म्हणेल, पुढचा प्रश्न. हुशार आहेस, तुला जमलं असतं. मी तर तेच धरून चालले होते.

तू म्हणालास, "हे अक्षर माझं आहे."

न्यायाधीशांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. म्हणाले, काय म्हणालात?

"अक्षर माझं आहे. मी ह्या मुलीचा मामा. तिला ह्या नावानं आम्ही तिघं सोडून कुणी ओळखत नव्हतं. हे नाव बाहेर गेलं ते ह्याच पानावरून."

मग तू म्हणालास की ह्या प्रकरणात मी आता साक्षीदार आहे, वकील म्हणून उभा राहू शकत नाही. कागद गोळा केलेस. एक खाली पडला, तो ड्रायव्हरनं उचलून दिला. तू माझ्या जवळून गेलास तेव्हा तुझा तोच जुना सेंट, आणि कोटाला डांबरगोळ्यांचा वास. थांबला नाहीस. थांबला असतास तर मी काय केलं असतं, मलाच माहीत नाही. बहुधा मारलं असतं.

तुमच्या साहेबांनी तुला काय काय सुनावलं ते वहिनीनं सांगितलं. पुन्हा सरकारी काम मिळणार नाही म्हणे. मला वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

आता तू समोरच्या पक्षाचा वकील नाहीस. म्हणजे कपाटातली पाकिटं उघडायला हरकत नसावी. क्रमानं उघड.

नकटी


२१ मे

दादा,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी! एवढा बोलका माणूस तू. "सगळी वाचली. फिनेलचं मला माहीत नव्हतं. मला तिथे बसवत नव्हतं म्हणून पुसत राहिलो." ती शेवटची ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. हे तू तेव्हाच म्हणाला असतास तर? पण मी तरी कुठे विचारलं.

निकाल लागला ते तुला कळलंच असेल. आपण जिंकलो. आमची माहिती परवानगीशिवाय द्यायची नाही, कंपनीकडची सगळी पुसून टाकायची, ज्यांना पुढे विकली त्यांच्याकडूनही. माझी चौकशी रद्द. पुसली की नाही हे कोण बघणार, तर म्हणे कंपनीच लिहून देणार. म्हणजे चोरानंच पंचनामा करायचा. तरी फोन बंद झालेत, ते खरं. ड्रायव्हर पुन्हा आमच्यात जेवायला बसतो. मलमावरून कुणी काही बोललं तर मी डोळे वटारते.

पण निकालाला एक शेपूट आहे. कोर्टानं म्हटलंय की ज्यांनी अर्ज केला त्यांच्या ऑफिसच्या नोंदी खऱ्या करून घ्या, महिन्याच्या आत. काल आस्थापना विभागातल्या बाईंनी मला बोलावलं. चांगल्या आहेत, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाण्याला नळाच्या गंजाचा वास होता, ते मी सांगितलं नाही. त्यांनी छापील कागद पुढे केला. अवलंबिताचे नाव कमी करण्याचे कारण: विवाह, नोकरी, मृत्यू. योग्य त्यावर खूण करा. मी म्हटलं, उद्या करते.

म्हणजे बघ. कपडे तू दिलेस, गादी गेली, वास गेला, फोनवाले गेले. आता ते एकच पान उरलंय, आणि तिथूनही मीच तिला काढायचं, कारण मी जिंकले. मला रडू आलं. त्या बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

त्या म्हणाल्या, खोडून आडवी रेघ मारायची, बाजूला तुमची सही, आणि एका नातेवाइकाची साक्ष म्हणून. नातेवाईक कोण आहे तुम्हाला? मी म्हटलं, भाऊ आहे. पाच वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. जीभ अडखळली नाही.

सोमवारी अकराला ये. सेंट मारून येऊ नकोस. तू लिहिलंस, रेघ मी मारीन. तू आवरायला हात पुढे करायचा नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं, माझं होईपर्यंत, मग सही. कितीही वेळ लागला तरी.

तुझी,
नकटी